बॉयलरची बाराखडी

यंत्र बिघडतं याबद्दल माझी काही तक्रार नाही. बिघडणे हा यंत्राचा स्वभावधर्म आहे आणि माणसांच्या मानाने ती बिचारी कमीच बिघडतात. माझे म्हणणे एवढेच, की बिघडल्यावर त्यांनी सरळ बोलावे. पूर्वीची यंत्रे बोलत. शिवणयंत्र खडखडे, पंखा कुरकुरे, रेडिओ खरखरे, आणि न्हाणीघरातला तांब्याचा बंब रागावला की घरभर धूर करून लहानथोरांना सारखेच रडवी. ढलपे ओले आहेत, की खाली राख साठली आहे, की नळीत काजळी धरली आहे, हे धुरावरून आज्जीला कळे. त्यासाठी कोणी माहितीपुस्तक चाळत नसे. बंबाला लिहिता येत नव्हते, पण त्याचे म्हणणे सगळ्या आळीला कळत असे.

गेली तीस वर्षे मी इंग्लंडात राहतो. इथे घरोघरी या बंबाचा एक साहेबी वंशज भिंतीवर टांगलेला असतो. त्याचे नाव बॉयलर. स्वयंपाकघरातल्या एखाद्या कपाटात, देवघराला असावे तसे दार लावून त्याची स्थापना केलेली असते. तो गॅसवर चालतो, खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमधून गरम पाणी फिरवतो आणि नळालाही गरम पाणी पुरवतो. तो चालू असेपर्यंत घरात त्याची कुणाला आठवणही होत नाही. पण जानेवारीच्या एखाद्या पहाटे तो बंद पडला, की सगळे घर त्याच्यापुढे हात जोडून उभे राहते. आणि हे महाशय करतात काय? कण्हत नाहीत, धूर काढत नाहीत. छातीवरच्या टीचभर काचेत दोनतीन अक्षरे दाखवतात: एफ २२. बस्स! मौनव्रत सुरू.

आता एफ २२ म्हणजे काय, हे तुम्ही मला विचाराल. मी उलट विचारतो, बॉयलर कोणत्या कंपनीचा? कारण ही भाषा एक नाही. व्हेलंटच्या बॉयलरवर एफ २२ दिसले तर आत पाणी कमी आहे असा अर्थ. आयडियलच्या लॉजिक बॉयलरला नेमके हेच सांगायचे असले की तो म्हणतो एफ १. बॅक्सीच्या काही मॉडेलांवर त्यालाच ई ११९ म्हणतात. तीन कंपन्या, तीन बाराखड्या, आणि दुखणे एकच: पाणी कमी! ज्योत पेटत नसेल तर व्हेलंट म्हणतो एफ २८, आयडियल म्हणतो एल २, बॅक्सी म्हणतो ई १३३ आणि वूस्टर बॉशचे बरेच बॉयलर म्हणतात ईए. हा शेवटचा प्रकार तर चारचौघांत कुणी ‘ए, ए!’ म्हणून हाक मारावी आणि आपण वळून पाहिल्यावर पुढे काहीच बोलू नये, त्यातला.

बरे, यात काही संगती असावी, तर तीही नाही. एफ म्हणजे फसलं, ई म्हणजे ईश्वरेच्छा आणि एल म्हणजे लटकलं, असा एक अर्थ मी आमच्या घरापुरता लावून ठेवला आहे. पण आयडियलमध्ये एफ १ म्हणजे पाणी कमी आणि लगेच पुढचा एफ २ म्हणजे ज्योत विझली! पाण्यानंतर अग्नी, हा क्रम पंचमहाभूतांचा म्हणावा तर तोही उलटा.

कंपन्यांचे यावर उत्तर ठरलेले असते. हे कोड म्हणे तुमच्यासाठी नसतातच, ते इंजिनिअरसाठी असतात. अहो, मग इंजिनिअरच्या कानात सांगा की! माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या कपाटात, माझ्या पैशाच्या यंत्रावर, रात्री अकरा वाजता तो आकडा लुकलुकतो तेव्हा तिथे इंजिनिअर उभा नसतो. तिथे मी उभा असतो. अंगावर शाल, डोक्यावर कानटोपी आणि हातात विजेरी. दवाखान्यात डॉक्टरांनी रोग्यासमोर आपापसात लॅटिनमध्ये कुजबुजावे आणि वर रोग्याला सांगावे, ‘हे तुमच्यासाठी नाही हो, तुम्ही फक्त मरा’, असाच हा न्याय झाला.

इथे ‘इंजिनिअर’ या शब्दाविषयी थोडे सांगायला हवे, कारण आपल्या लोकांची त्यात फार फसगत होते. आपल्याकडे इंजिनिअर हा एक सामाजिक दर्जा आहे. मुलगा इंजिनिअर आहे म्हटले, की मुलीकडचे पुढची चौकशी थांबवतात. तो काय बांधतो, काय चालवतो, पाना हातात धरता येतो की नाही, हे कोणी विचारत नाही. इंग्लंडात बॉयलर दुरुस्त करायला येतो त्यालाच इंजिनिअर म्हणतात. गाडीतून पेटी घेऊन येतो, गुडघे टेकून बसतो आणि चहात दोन चमचे साखर मागतो. हा फरक लक्षात न घेतल्यामुळे काय होते, याचा एक नमुना मी एका दिवाळीत पाहिला.

एका स्नेह्यांकडे फराळाला जमलो होतो. मंडळी वीसेक असतील. त्यांतले निदान बाराजण इंजिनिअर, आपल्या अर्थाने. चकल्यांचा दुसरा हप्ता चालू असताना खोली गार पडायला लागली. यजमानांनी कपाटाचे दार उघडले. एफ २२! बाराही इंजिनिअर ताटल्या घेऊन बॉयलरपुढे अर्धवर्तुळात उभे राहिले. एकाने उष्मागतिकीचा दुसरा नियम सांगितला. दुसऱ्याने सर्किट बोर्ड गेला असे छातीठोक निदान केले, तो बँकेत सॉफ्टवेअरचे काम करतो. तिसऱ्याने रिसेटचे बटण दाबले, मग पुन्हा दाबले, मग देवळातली घंटा वाजवावी तसे वाजवत राहिला. चौथा म्हणाला, ‘झाकण काढून बघू या का?’ आणि स्क्रूड्रायव्हर शोधायला निघाला.

एवढ्यात यजमानांच्या आई आल्या. सांगलीहून तीन महिन्यांसाठी आलेल्या, वय ऐंशीच्या पुढे. त्यांनी चष्मा वर केला आणि बॉयलरच्या खालच्या अंगाला बोट दाखवून म्हणाल्या, ‘अरे, ह्या घड्याळाचा काटा शून्यावर कशानं आलाय? पाणी-बिणी संपलंय काय त्यातलं?’

बारा पदव्या एका क्षणात गार पडल्या. ते घड्याळ म्हणजे दाब दाखवणारा प्रेशर गेज. बॉयलर गार असताना काटा साधारण १ ते १.५ बारच्या मध्ये असावा, असे त्या बॉयलरच्या पुस्तकातच छापलेले होते. पाणी भरायची जोडनळी, म्हणजे फिलिंग लूप, खालीच होती. तिचे दोन्ही नळ पुस्तकात लिहिल्याप्रमाणे हळूहळू उघडले, काटा दीडच्या अलीकडे येताच दोन्ही घट्ट बंद केले, एकदा रिसेट केले आणि बॉयलर गुरगुरून सुरू झाला. आजी तोवर करंज्यांकडे वळल्या होत्या.

या गोष्टीवर आम्ही खूप हसलो. पण याच गोष्टीची दुसरी बाजू मला माहीत आहे आणि तिच्यावर हसू येत नाही. आमच्या शेजारच्या घरात एक इंग्रज बाई राहतात, एकट्याच. त्यांच्या बॉयलरवर असाच एक आकडा शुक्रवारी संध्याकाळी उमटला. आकडा दिसला म्हणजे आपण हात लावायचा नाही, ही त्यांची समजूत. त्यांनी फोन केला, सोमवारची वेळ मिळाली. भिडस्त स्वभाव, शेजारी बोलल्या नाहीत. दोन दिवस आणि तीन रात्री त्या बाई कोट घालून, गरम पाण्याची रबरी पिशवी पोटाशी धरून बसल्या. सोमवारी मनुष्य आला, त्याने दोन नळ फिरवले, पाच मिनिटांत गेला आणि मागाहून बिल आले. बिलाचे सोडा. त्या थंडीत त्या वयाच्या बाईंना काहीही होऊ शकले असते, आणि कशापायी? तर ‘पाणी कमी आहे’ ही तीन शब्दांची गोष्ट यंत्राला ठाऊक असून त्याने सांगितली नाही म्हणून!

म्हणून मी म्हणतो, की ही निव्वळ गैरसोय नाही, हा अन्याय आहे. ‘लोकांना अर्थ सांगितला तर लोक बॉयलर उघडून बसतील’, असे कंपन्यांचे समर्थक म्हणतात. उलट आहे! स्क्रूड्रायव्हर शोधायला निघालेला तो चौथा इंजिनिअर आठवा. त्याला अर्थ कळला नव्हता म्हणून तो झाकणाकडे निघाला होता. अर्थ कळलेल्या आजींनी झाकणाला हातही लावला नाही.

ज्योतीच्या कोडचे प्रकरण तर याहून चमत्कारिक. बॉयलरमध्ये ज्योतीजवळ एक बारीक कांडी असते. जळत्या ज्योतीतून वीज वाहू शकते, अगदी थोडी, अँपिअरच्या दहा लाखाव्या भागांत मोजण्याइतकी. तेवढी वीज कांडीला लागली, की बॉयलर समजतो ज्योत आहे. ती लागली नाही, की काही क्षणांत गॅसची झडप बंद. न पेटलेला गॅस साठू नये म्हणून ही व्यवस्था. इतक्या हुशार यंत्राला दंडवतच घालावासा वाटतो. पण दंडवत घालून उठावे तर समोर ईए किंवा एफ २८! आणि याचे कारण काय असेल? गॅसची झडप बिघडली असेल. पेटवणारी कांडी झिजली असेल. किंवा मीटरमधले पैसेच संपले असतील, कारण इथे कित्येक घरांत आधी पैसे भरून गॅस घेण्याचे मीटर असते. किंवा बाहेरची पाण्याची नळी गोठली असेल. म्हणजे पाच मिनिटांत घरच्या घरी होणारे काम आणि जाणत्याशिवाय कुणी हात लावू नये असे काम, या दोघांना एकच आकडा. साप आणि दोरी दोघांनाही एकच नाव ठेवले, तर माणूस एक तर दोरीला भिऊन पळतो नाही तर सापाला हातात धरतो.

त्या गोठणाऱ्या नळीची हकिगत अशी. २००५ पासून इंग्लंडात नवे बॉयलर बहुतेक सगळे ‘कंडेन्सिंग’ जातीचे बसवावे लागतात. धुरातली वाफ थंड करून तीही उष्णता ते वापरतात, आणि त्या वाफेचे जे पाणी होते ते प्लॅस्टिकच्या एका बारीक नळीने बाहेर सोडतात. ही नळी भिंतीबाहेर उघड्यावर असली, की कडाक्याच्या थंडीत आतले पाणी गोठते. बॉयलर गुळगुळ आवाज करतो आणि बंद पडतो. २०१० च्या डिसेंबरात अशी थंडी पडली, की देशभर हजारो बॉयलर याच एका कारणाने एकदम संपावर गेले. उपाय काय, तर जमिनीवर उभे राहून हात पोचत असेल तिथे त्या नळीवर कोमट पाणी ओतायचे किंवा गरम पाण्याची पिशवी धरायची. उकळते पाणी मात्र नको, नळी तडकते. मग एकदा रिसेट. आमच्या शेजारच्या पोराला मी एका हिवाळ्यात नळीवर पाणी ओतताना पाहिले, तेव्हा सकाळी उठून तुळशीला पाणी घालतोय असेच वाटले.

तेव्हा कोडची बाराखडी पाठ करण्यापेक्षा एक सीमारेषा पाठ करावी, असे माझे मत आहे. बॉयलरच्या झाकणाबाहेरचे जे आहे ते तुमचे. काटा बघा. खोलीतल्या थर्मोस्टॅटची बॅटरी बघा. शेगडी पेटते का बघा, म्हणजे घरात गॅस आहे की नाही ते कळेल. मीटरमधले पैसे बघा. थंडी असेल तर नळी बघा. मग पुस्तकात असेल तसे एकदा, फार तर दोनदा रिसेट. झाकणाच्या आतले मात्र तुमचे नाही, मग तुम्ही आयआयटीत पहिले आलेले असा. आठवड्या-आठवड्याला पाणी भरावे लागत असेल, तर कुठे तरी गळते आहे किंवा आतला भाग बिघडला आहे. बोलवा इंजिनिअरला. तोच आकडा परत आला, बोलवा. झाकणावर काजळी दिसली, तर बंद करून बोलवा. आणि जो येईल त्याला चहाच्या आधी ओळखपत्र मागा. पैसे घेऊन गॅसचे काम करणारा माणूस ‘गॅस सेफ रजिस्टर’वर असलाच पाहिजे, असा इथला कायदा आहे. २००९ च्या एप्रिलपासून ब्रिटनमध्ये हे रजिस्टर आले, त्याआधी कॉर्गी होते. पत्रावर फोटो असतो आणि मागच्या बाजूला त्याला कोणती कामे करता येतात ते लिहिलेले असते. लग्नाच्या मुलाची करतो त्याच्या निम्मी चौकशी इथे केली तरी पुरे.

आता सगळ्यात महत्त्वाचे. कोड दाखवून बंद पडलेला बॉयलर बहुधा सुरक्षित असतो. काही तरी खटकले म्हणून तो स्वतःहून थांबलेला असतो. भीती आहे ती मजेत चालू असलेल्या, पण आत गॅस नीट जळत नसलेल्या बॉयलरची. तेव्हा तयार होतो कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके दुखते, गरगरते, मळमळते, झोप येते. माणसाला वाटते फ्लू झाला. बाहेर गेल्यावर बरे वाटते, घरात आल्यावर पुन्हा तेच. आणि घरभर विष पसरत असताना बॉयलरच्या काचेवर एक अक्षरही नसते! एरवी क्षुल्लक कारणासाठी आकडे फेकणारे हे यंत्र नेमके तेव्हा गप्प बसू शकते.

हे परदेशचे कौतुक म्हणून वाचू नका. आपल्याकडे पुण्या-नाशकात, नागपुरात न्हाणीघरात गॅसचा गिझर लावतात. दार बंद, खिडकी बंद, धुराला बाहेर जायला नळी नाही. थोड्या वेळात हवेतला ऑक्सिजन कमी होतो आणि ज्योत हेच विष सोडू लागते. हिवाळ्यात अशा बातम्या वर्तमानपत्रात येतात. दार ठोठावले, आतून उत्तर नाही, फोडले तर... पुढचे मी लिहीत नाही. त्या गिझरवर तर काचही नसते आणि कोडही. तो गिझर न्हाणीघराच्या बाहेर मोकळ्या हवेत बसवावा, एवढी साधी गोष्ट त्याच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत, मराठीत लिहायला किती शाई लागते?

इंग्लंडात १ ऑक्टोबर २०२२ पासून भाड्याच्या घरात, जिथे राहत्या खोलीत बॉयलर असेल तिथे, घरमालकाने कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावलाच पाहिजे, असा नियम झाला. हा अलार्म बघा! तो ई ११९ म्हणत नाही. तो जीव खाऊन ओरडतो. लहान पोराला कळते, आजीला कळते, कुत्र्यालाही कळते. ओरडला की खिडक्या उघडायच्या, गॅस बंद करायचा, सगळ्यांनी बाहेर पडायचे आणि ०८०० १११ ९९९ ला फोन करायचा. गॅसचा वास आला तरी हेच, फक्त दिव्याच्या बटणांना हात न लावता आणि फोन बाहेर गेल्यावर. भारतात सिलिंडरच्या गॅसगळतीसाठी १९०६ हा क्रमांक आहे. यंत्राने माणसाशी कसे बोलावे, हे त्या दोनशे ग्रॅमच्या अलार्मला समजते. भिंतीवरच्या तीस किलोच्या पंडिताला समजत नाही.

‘अहो, पण सगळ्या कंपन्यांनी एकच भाषा बोलायची म्हणजे कठीण’, असे कुणी म्हणेल. कठीण? मोटारींनी केले की! पी ०३०१ हा आकडा घ्या. पहिल्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही, असा त्याचा अर्थ. गाडी जपानी असो, जर्मन असो की अमेरिकन, अर्थ तोच. अमेरिकेने १९९६ च्या मॉडेलांपासून ही पद्धत सक्तीची केली, युरोपाने २००१ पासून पेट्रोलच्या गाड्यांना. कंपन्यांनी स्वतःचे खास आकडे जोडले ते वेगळे, पण मूळ दुखण्यांची नावे सगळ्यांची एक झाली. मोटारवाल्यांनी हे हौसेने केले नाही, कायद्याने करायला लावले म्हणून केले. बॉयलरवाल्यांनाही तसेच करायला लावले पाहिजे. हल्लीच्या काही बॉयलरांवर शब्द दिसू लागले आहेत, हे मी मान्य करतो. म्हणजे येते त्यांना! मग ज्याच्याकडे स्वस्तातला बॉयलर आहे त्याला काय वाचता येत नाही?

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर आमच्या सौभाग्यवतींनी आमच्यापुरता तो करून टाकला आहे. बॉयलरच्या दाराला आतून एक कागद चिकटवलाय, त्यावर तिच्या टपोऱ्या अक्षरांत असे लिहिले आहे:

‘काटा बघ. शेगडी बघ. नळी बघ. बटण दोनदाच. झाकणाला हात लावायचा नाही. डोकं दुखत असेल तर आधी खिडकी उघड, बाहेर पड, मग फोन. ओळखपत्र बघितल्याशिवाय चहा द्यायचा नाही.’

गेल्या वर्षी बॉयलरच्या तपासणीला आलेल्या इंजिनिअरने तो कागद बघून विचारले, हे काय लिहिलंय? मी त्याला अर्थ सांगितला. त्याने टोपी मागे सारली, ओळखपत्र काढून ओट्यावर ठेवले आणि म्हणाला, ‘याची एक प्रत इंग्रजीत मिळेल का?’